सातासमुद्रापलीकडचा साहेब आणि विश्वासाचा प्रश्न

रोह्याचा माझा एक माजी विद्यार्थी घरी बसून परदेशी कंपनीचे काम करतो. साहेब न्यूयॉर्कला, सहकारी तीन देशांत. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा रोह्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. गेल्या पावसाळ्यात वीज गेली आणि त्याचे काम चार तास उशिरा पोहोचले. साहेबाने कारण विचारले नाही. परस्पर शेरा मारला : मुलगा बेजबाबदार आहे.

हा शेरा आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकन अभ्यासक कॅथरीन क्रॅम्टन यांनी विखुरलेल्या गटांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. दूरच्या सहकाऱ्याची परिस्थिती दिसत नाही, म्हणून त्याच्या उशिराचे, त्याच्या मौनाचे कारण त्याच्या स्वभावात शोधले जाते, असे त्यांना आढळले. परिस्थितीचे खापर माणसाच्या स्वभावावर फोडायचे, ही तर जातिव्यवस्थेची जुनी रीत. पाणवठा बंद करायचा आणि माणसाला अस्वच्छ म्हणायचे. शाळेचे दार लावायचे आणि त्याला मठ्ठ ठरवायचे. साहेबाला जात ठाऊकही नसेल. पण न पाहता न्याय करण्याची सवय तीच आहे.

पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात. तिकडच्या गिऱ्हाइकाचा विश्वास ‘पेण’ या नावावर असतो. माती मळणारे हात त्याला ठाऊक नसतात. दूरच्या कामात विश्वास असाच आधी नावाकडे जातो. सफाईदार इंग्रजी, मोठ्या शहरातले कॉलेज, ही तशीच नावे. पहिल्या पिढीच्या पदवीधराकडे हे भांडवल नसते. त्याची पहिली चूकच त्याची ओळख ठरते.

मग दूर राहून नेतृत्व करायचे कसे? यासाठी आपल्याच चळवळीकडे पाहावे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले आणि त्याच वर्षी ते शिक्षणासाठी लंडनला गेले. पत्र इतरांच्या हाती राहिले. पैशाची चणचण होती, पाठीशी संघटना नव्हती. १९२३ साली ते बंद पडले.

दहा वर्षांनंतरचे चित्र वेगळे आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बाबासाहेब तेथे हजर होते. त्याच वर्षाअखेर ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. १९३१ व १९३२ सालीही त्यांना जावे लागले. बोटीच्या टपालाला साधारण दोन आठवडे लागत. रोजचा निर्णय लंडनला विचारून घेणे शक्यच नव्हते. नाशिकची जबाबदारी दादासाहेब गायकवाडांवर होती आणि लढा चालू राहिला.

नेता तोच, अंतर तेवढेच. मधल्या काळात काय घडले होते? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती. १९२७ साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडचा सत्याग्रह झाला होता. कसोटीच्या वेळी कोण टिकतो हे नेत्याने आणि कार्यकर्त्यांनी पाहिले होते. विश्वासाची जमवाजमव अंतर पडण्याआधी झाली होती. शिवाय गायकवाडांकडे केवळ काम नव्हते, अधिकारही होता; आणि पत्रव्यवहार चालू होता.

आजच्या साहेबाजवळ क्षणात पोहोचणारा निरोप आहे, समोरच्याच्या पडद्यावर पाळत ठेवणारे यंत्र आहे. पण पाळत ठेवून माणूस कळत नाही. यार्वेनपा आणि लायडनर यांच्या १९९९ च्या अभ्यासात दिसले की, अशा गटांत विश्वास लवकर जमतो, पण तो ठिसूळ असतो. नियमित, वेळेवर आणि सविस्तर उत्तरे देणाऱ्या गटांत तो टिकतो. म्हणून पुढाऱ्याने चार गोष्टी आधीच ठरवाव्यात : उत्तर किती वेळात द्यायचे, अडचण आली तर कुणाला कळवायचे, कोणता निर्णय कुणाचा, आणि गैरसोयीच्या वेळची बैठक आळीपाळीने कुणाच्या वाट्याला. शेरा मारण्याआधी कारण विचारणे, हा पाचवा नियम.

आपल्या मुलांनाही एक गोष्ट शिकवली पाहिजे. आपली परिस्थिती सांगणे म्हणजे रडगाणे नव्हे. माझ्या विद्यार्थ्याने नंतर साहेबाला लिहिले : आमच्याकडे पावसात वीज जाते, त्या दिवशी काम कोणी पुढे न्यायचे ते आपण आज ठरवू. ते त्याला पहिल्याच दिवशी लिहिता आले असते. तसे लिहिता येते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.