कीफ्रेम : दोन चित्रे की दोन संख्या?

एखादी क्लिप स्वतःभोवती गरगर फिरत लहान लहान होत जाते व अखेर पडद्याच्या मध्यभागी दिसेनाशी होते, हा परिणाम आज घरच्या संगणकावरही साधता येतो. त्यासाठी जी योजना वापरतात तिला 'कीफ्रेम' अशी संज्ञा आहे. संज्ञा जुनी आहे. तिचा अर्थ मात्र मधल्या काळात पालटला आहे. नवशिक्या संपादकाच्या अनेक अडचणींचे मूळ या अर्थांतरात सापडते.

हाताने काढलेल्या चलच्चित्रांच्या काळात 'की' म्हणजे हालचालीतील मोक्याचे चित्र. अमेरिकेतील डिस्ने यांच्या चित्रशाळेत प्रमुख चित्रकार अशी मोक्याची चित्रे काढीत आणि त्यांच्यामधील चित्रे साहाय्यक भरून काढीत. साहाय्यकापुढे दोन चित्रे ठेवली की पडणारी वस्तू दगड आहे की पीस, हे तो ओळखी व तदनुसार मधली चित्रे काढी. पुढे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक व मार्सेली वाइन यांनी साहाय्यकाचे हे काम संगणकाकडे सोपविले. पीटर फोल्डेस यांचा 'हंगर' हा १९७४ चा लघुपट याच पद्धतीने सिद्ध झाला. संज्ञा तीच राहिली. परंतु मधली जागा भरणारा आता चित्र 'पाहणारा' राहिला नाही.

केडेनलाइव्ह, प्रीमियर यांसारख्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा परिणामाची कीफ्रेम म्हणजे चित्र नव्हे. अमुक क्षणी अमुक गुणाचे मूल्य अमुक असावे, एवढीच ती नोंद असते. दोन नोंदींमधील मूल्ये संगणक गणिताने काढतो. गणितात या क्रियेला अंतर्वेशन म्हणतात.

उदाहरणार्थ, सेकंदाला २५ चौकटी असलेल्या चित्रपटात क्लिपने एका सेकंदात दोन फेरे घेऊन नाहीसे व्हावे, अशी इच्छा आहे. आरंभी कोन ० अंश व आकार १०० टक्के असतो. फेऱ्याच्या अखेरीस क्लिप पुन्हा सरळ उभी राहणार, म्हणून नवशिका शेवटच्या नोंदीतही ० अंश लिहितो. परिणामी क्लिप मुळीच फिरत नाही. डोळ्याला ०, ३६० व ७२० अंश ही एकच स्थिती दिसते. पण संख्या म्हणून त्या तीन भिन्न गोष्टी आहेत. शेवटी ७२० लिहिले असता दर चौकटीस २८.८ अंश याप्रमाणे दोन फेरे पूर्ण होतात. उणे ७२० लिहिल्यास तेच फेरे उलट्या दिशेने होतात. प्रीमियरमध्ये पूर्ण फेरे व उरलेले अंश वेगवेगळे दाखवितात, त्याचे कारण हेच.

आकाराच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. १०० पासून ० पर्यंत समान पायऱ्यांनी उतरावयाचे तर दर चौकटीस ४ टक्के कमी होतात. १०० वरून ९६ वर येणे डोळ्याला जवळजवळ जाणवत नाही. परंतु ८ वरून ४ वर येताना क्लिप एकदम निम्मी होते. म्हणून संख्या एकाच चालीने घटत असूनही क्लिप आधी रेंगाळल्यासारखी व शेवटी घाईने पळाल्यासारखी दिसते. डोळा फरक मोजीत नाही, तो प्रमाण मोजतो. क्लिप सतत एकाच चालीने लहान होत आहे असा भास हवा असेल, तर प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीच्या ठराविक पटीत असली पाहिजे. १०० पासून १ टक्क्यापर्यंत २५ पायऱ्यांत यावयाचे तर ही पट सुमारे ०.८३ येते. अशा रीतीने शून्याला कधीच पोहोचता येत नाही. म्हणून १ टक्क्यावर क्लिप तोडावी लागते. आफ्टर इफेक्ट्समधील 'एक्स्पोनेन्शियल स्केल' ही सोय नेमके हेच काम करते.

याखेरीज दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली म्हणजे फिरण्याचा केंद्रबिंदू. तो क्लिपच्या मध्यावर असेल तर ती जागच्या जागी फिरते. कोपऱ्यावर असेल तर त्या कोपऱ्याभोवती मोठा फेर धरते व त्याच कोपऱ्याकडे आक्रसत जाते. दुसरी म्हणजे अंतर्वेशनाचा प्रकार. 'लिनिअर' प्रकारात चाल समान राहते. 'स्मूथ' प्रकारात वाटचालीची वळणे गुळगुळीत होतात. 'होल्ड' किंवा 'डिस्क्रीट' प्रकारात मूल्य पुढील नोंदीपर्यंत तसेच राहते आणि मग एकदम उडी घेते. नोंदी त्याच असूनही या तिन्हींत क्लिप तीन तऱ्हांनी वागते.

यावरून असे दिसून येते की, हालचालीचा अर्थ कीफ्रेममध्ये नसून दोन कीफ्रेममधील नियमात असतो. पूर्वी तो नियम साहाय्यकाच्या अनुभवात राहत असे व म्हणूनच तो शब्दांत मांडण्याची गरज पडत नसे. यंत्र न सांगितलेले जाणत नाही. म्हणून 'आरंभी काय दिसावे व अखेरीस काय दिसावे' एवढाच प्रश्न संपादकाने विचारून भागत नाही. 'मध्ये काय, किती व कोणत्या चालीने बदलावे' याचे उत्तर त्याने स्वतःच द्यावयाचे असते.