खरंच असं असतं का?

सिंगापुरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मी ‘न्यूज चॅनलवाली’ म्हणून ओळखली जाते. मुंबईत एका मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. इथे आल्यावर ते काम सुटलं, ओळख मात्र चिकटून राहिली. त्यामुळे टीव्हीच्या बातम्यांवर बेतलेली कुठलीही मालिका कुणी पाहिली की प्रश्न माझ्याकडे येतो: खरंच असं असतं का? आता मी विचारणाऱ्यालाच आधी बोलतं करते. तुम्हाला त्यातलं काय पटलं, काय खोटं वाटलं? मग जे ऐकायला मिळतं, त्यात मालिकेपेक्षा आपण बातम्या कशा बघतो तेच जास्त असतं.

‘द ब्रोकन न्यूज’ ही हिंदी मालिका झी फाइव्हवर 10 जून 2022 रोजी आली. त्याच आठवड्यात, 7 जूनला, वृत्तनिवेदक प्रदीप भिडे गेले होते. पुण्याहून आमच्याकडे आलेल्या सासूबाईंचं मन त्या बातमीतून निघत नव्हतं. दूरदर्शनच्या सातच्या बातम्या म्हणजे भिडे, हे त्यांच्या पिढीचं समीकरण. पंतप्रधान गेल्याची बातमी असो की पावसाची, आवाजाची पट्टी ढळायची नाही. अशा मनःस्थितीत त्यांनी आमच्याबरोबर ही मालिका पाहिली.

मूळ मालिका बीबीसीची, 2018 सालची ‘प्रेस’. तिच्यात दोन वर्तमानपत्रं होती. हिंदीत येताना त्यांच्या दोन वाहिन्या झाल्या, मुंबईतल्या एकाच इमारतीत: सचोटीनं चालणारी पण प्रेक्षक गमावत चाललेली ‘आवाज भारती’ आणि आरडाओरडा करणारी ‘जोश 24/7’. दिग्दर्शक विनय वायकूळ. आवाज भारतीची अमीना कुरेशी म्हणजे सोनाली बेंद्रे, तिची धडपडी बातमीदार राधा भार्गव म्हणजे श्रिया पिळगावकर, आणि समोर ‘जोश’चा दीपांकर सन्याल झालेले जयदीप अहलावत. अहलावतांनी पडदा व्यापून टाकला आहे. सासूबाईंना मात्र दीपांकर अजिबात पटला नाही. ‘असल्या माणसाला कोणी कामावर ठेवेल का?’ अमीना त्यांना आवडली. त्यावर माझा नवरा म्हणाला, ‘आई, पण तिचं चॅनल बघणार कोण?’ झालं, जेवणं होईपर्यंत दोघांची जुंपली.

माझ्या मते नवऱ्यानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, आणि मालिका तिथेच कमी पडते. तिच्यात सगळं माणसांच्या बरेवाईटपणावर ठरतं. दीपांकर वाईट, म्हणून बातमी वाईट. मी ज्या डेस्कवर बसले, तिथली माणसं दीपांकरसारखी नव्हती. रात्रपाळी संपवून पहाटेच्या लोकलनं घरी जाणारी, मुलांच्या फीची काळजी करणारी साधी माणसं होती. पण आमच्याकडे गुरुवार होता.

गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे. देशभरातल्या काही निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. 2020 च्या सुमारास अशी साधारण 44 हजार घरं होती. त्या घरांत कोणती वाहिनी किती वेळ लागली, यावरून कोट्यवधी प्रेक्षकांचा अंदाज बांधतात आणि जाहिरातीचे दर त्यावर ठरतात. एकूण आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. बाहेरच्यांना माहीत नसतो तो मिनिटामिनिटाचा आलेख. चर्चेत एखाद्या अभ्यासू पाहुण्यानं शांतपणे दोन मिनिटं दुष्काळाचं गणित समजावलं आणि त्याच दोन मिनिटांत रेघ खाली आली, की पुढच्या वेळी गेस्ट को-ऑर्डिनेटर त्याला फोन करत नाही. कुणी तसा हुकूम दिलेला नसतो, कुणी कट केलेला नसतो. रेघ खाली आली एवढंच. मीटर बसवलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावायला सांगितल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी कारवाई केली, त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर होणं थांबलं. ते पुन्हा सुरू झाले मार्च 2022 मध्ये. म्हणजे मालिका आली तेव्हा गुरुवार नुकताच परतला होता. पटकथेत त्याला खरी जागा मिळायला हवी होती.

इथल्या मित्रमंडळींपैकी ज्यांची मुलं सिंगापुरातच वाढली, त्यांच्या घरी तर ‘जोश’मधली चर्चा कुणालाच खरी वाटली नाही. एका पडद्यावर आठ चौकटी आणि आठही माणसं एकदम बोलतायत! ही मुलं सीएनए बघत मोठी झालेली. 1 मार्च 1999 ला सुरू झालेल्या या वाहिनीवर निवेदक आवाज चढवत नाहीत. इथे इंग्रजी, मँडरिन, मलय आणि तमिळ अशा चार भाषांत टीव्हीच्या बातम्या असतात आणि चारही ठिकाणी सूर तसा खालचाच. आमच्यातले काही जण लगेच म्हणतात, बघा, याला म्हणतात पत्रकारिता. मला हे मान्य नाही. सीएनए चालवणारी मीडियाकॉर्प ही कंपनी सरकारी गुंतवणूक संस्था टेमासेकच्या मालकीची आहे. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या 2022 च्या यादीत भारत 150 वा होता आणि सिंगापूर 139 वं. बातम्या शांत असल्या म्हणजे मोकळ्या असतात असं नाही. आणि गोंगाट म्हणजे स्वातंत्र्य, असंही नाही.

नवऱ्याची आवडती मालिका आरन सोर्किनची ‘द न्यूजरूम’. एचबीओवर 2012 ते 2014 या काळात तिचे तीन सीझन झाले. जेफ डॅनियल्सची भाषणं त्याला पाठ आहेत. आयटीतल्या त्याच्या बहुतेक मित्रांचंही तेच: अँकर बाणेदार हवा. मला ती भाषणं फारशी भिडत नाहीत. तिनं केलं तसं, घडून गेलेल्या खऱ्या बातम्या दोन वर्षांनी पडद्यावर अचूक हाताळणं सोपं असतं. पण दुसऱ्या सीझनमधला ‘जेनोआ’चा धागा मी कुणालाही आवर्जून बघायला सांगते.

अमेरिकी सैन्यानं विषारी सरीन वायू वापरल्याची बातमी हाती लागलेली असते. एका निवृत्त जनरलची मुलाखत होते. वायू वापरला ‘असेल तर’ कसा वापरला असेल, असं तो बोलतो. जेरी नावाचा निर्माता एडिट करताना ‘असेल तर’ कापतो. उरतो कबुलीजबाब. बातमी जाते, खोटी ठरते, आणि चोरी पकडली जाते ती कशानं? मुलाखतीच्या वेळी जनरलच्या मागे टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू असतो. त्या पडद्यावर उलटे सेकंद मोजणारं घड्याळ असतं. बाईट, म्हणजे जनरलचं बोलणं, सलग वाटतो, पण घड्याळातले आकडे मध्येच उडी मारतात. ज्यानं कधी एडिटच्या खोलीत बसून रॉ फुटेज पाहिलंय, त्याच्या पोटात इथे गोळा येतो. आपल्याकडे मागे क्रिकेटचा सामना असता तर षटकांचा आकडा असाच उडाला असता. सोर्किननं यासाठी खरं प्रकरण घेतलं होतं: 1998 मध्ये सीएनएन आणि ‘टाइम’नं ‘ऑपरेशन टेलविंड’वर दिलेली आणि नंतर मागे घ्यावी लागलेली बातमी. बाणेदार भाषणापेक्षा ते कापलेले दोन शब्द मला बातमीच्या धंद्याबद्दल जास्त सांगतात.

या सगळ्यांहून वरची मालिका मला दाखवली ती शेजारच्या चिनी आंटींनी. तैवानची ‘द वर्ल्ड बिटवीन अस’, 2019 मधली, दहा भागांची. तैवानच्या सार्वजनिक वाहिनीबरोबर ती केली होती एचबीओ एशियानं, म्हणजे सिंगापुरात मुख्यालय असलेल्या कंपनीनं. एका चित्रपटगृहात तरुणानं गोळीबार केलाय. सुंग छियाओ-आन या वृत्तवाहिनीतल्या अधिकारी बाईचा मुलगा त्यात गेलाय. दोन वर्षांनी तिच्याच वाहिनीत नाव बदलून एक मुलगी कामाला लागते. ती त्या खुन्याची बहीण असते. आपल्या घराची बातमी ज्या खोलीतून बाहेर जाते, त्याच खोलीत बसून तिला काम करावं लागतं. भागांच्या सुरुवातीला पडद्यावर लोकांच्या इंटरनेटवरच्या प्रतिक्रिया उमटत राहतात: फाशी द्या, आईबापांनाही सोडू नका. बातमी बघणाऱ्याला इतक्या सरळपणे गोष्टीतलं पात्र केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आंटींचं मत सुरुवातीला ठाम होतं. खुन्याचा वकील कशाला दाखवायचा? सिंगापुरात फाशी आहे, आणि आंटींना ती हवी आहे. पण त्या बहिणीबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. खुन्याचे आईवडील तोंड लपवून राहतात, ते बघताना त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या चॅनलवर अशा घराबाहेर कॅमेरे उभे करायचे?’ मी म्हणाले, हो, करायचे. आरोपीच्या आईचा बाईट मिळाला का, हे विचारणारे फोन मीही केले आहेत. आंटी बराच वेळ त्यावरच बोलत होत्या: त्या आईनं दार उघडलं नाही, तर काय करायचे? थांबायचे का? किती वेळ? एवढे नेमके प्रश्न मला कुठल्याच मराठी प्रेक्षकानं विचारले नव्हते.

त्या दाराबाहेर उभा असतो तो स्ट्रिंगर. मी पाहिलेल्या या तिन्ही मालिकांत त्याला जागा नाही. तालुक्याच्या गावी स्वतःच्या मोटरसायकलवर फिरणारा, कॅमेरा स्वतःचा, मानधन बातमीमागे, तेही बातमी चालली तर. पुरात गुडघाभर पाण्यात उभं राहून तो फोनवरून थेट बातमी देतो आणि स्टुडिओतून त्याला सांगतात, जरा अजून आत जा. ‘सिंहासन’ चित्रपटातल्या दिगू टिपणीसला आपण 1979 पासून डोक्यावर घेतलंय, पण तो मंत्रालयाच्या आवारातला आणि वर्तमानपत्रातला पत्रकार. मराठीत कुणी टीव्हीच्या बातम्यांवर मालिका करणार असेल, तर तिनं काचेच्या स्टुडिओत सुरू होऊ नये. बीडमध्ये किंवा गडचिरोलीत सुरू व्हावी, असाइनमेंट डेस्कचा फोन वाजतोय आणि हा माणूस ठरवतोय की त्या आईचं दार पुन्हा ठोठावायचं की नाही. ती मालिका मी आंटींना इंग्रजी सबटायटल्स स्वतः लिहून दाखवीन.