खडाखडा वाचतो, मग कळत का नाही?

एका आईने विचारलंय, "मुलगा नववीत आहे. धडा खडाखडा वाचतो, पण प्रश्न विचारला की गप्प. आळस म्हणायचा का?"

मी शिकवायला लागले तेव्हा मीही तेच म्हणायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तर चारचौघांत बोलले होते. मग एकदा तिला शेजारी बसवून एकच वाक्य वाचायला दिलं : 'पर्जन्यमान कमी असूनही सिंचनामुळे उसाचे क्षेत्र वाढले.' अडखळली नाही. अर्थ विचारला, तर म्हणाली, "कायतरी कमी झालं म्हणून ऊस वाढला." 'पर्जन्यमान' म्हणजे पाऊस हे तिला माहीतच नव्हतं, आणि 'असूनही'ने वाक्य उलट फिरतं हे निसटलं होतं. आळस कुठे होता यात?

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार! एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य.

आपल्याकडे दोन्ही बाजू लंगड्या सापडतात. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही सहज वाचता आला नव्हता. पण वाचता येणारी मुलंही अडकतात. चौथीपर्यंतच्या गोष्टी घरच्या बोलीजवळ असतात. पुढे 'बाष्पीभवन', 'परिणामी', 'तथापि' सुरू होतं. हे शब्द घरी कोण बोलतं?

मग ओळखायचं कसं? तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा. ऐकून कळला, तर अडचण बहुधा अक्षरवाचनात आहे. ऐकूनही कळला नाही, तर भाषेत. (आधी डोळे-कान तपासलेले बरे. अक्षरांतच फार अडखळत असेल तर तज्ज्ञांना दाखवा.)

भाषेत असेल तर पालिंकसार आणि ब्राउन यांची १९८४ ची पद्धत वापरून बघा. एक परिच्छेद वाचायचा आणि चार कामं करायची : सार सांगायचं, एक प्रश्न काढायचा, अडलेलं उलगडायचं, पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. आधी तुम्ही करून दाखवा, मग मुलाला 'मास्तर' होऊ द्या. सार बोलीत सांगितलं तरी चालेल बरं का!

त्या मुलीची मी नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं मीच ढ आहे."

तुमच्या घरी असं कुणी स्वतःला ढ समजत असेल, तर आज एकच परिच्छेद सोबत वाचा. भेटू पुढच्या भागात!