लोणारचे सरोवर

वऱ्हाडच्या पश्चिम भागात बुलढाणा जिल्हा आहे. त्या जिल्ह्यात लोणार नावाचे एक जुने गाव आहे. गावाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीची शेते लागतात. पुढे काही अद्भुत पाहावयास मिळेल, अशी कल्पनाही येत नाही. गाव ओलांडले की जमीन किंचित उंचावते आणि त्या उंचवट्याच्या कडेशी पोहोचताच पायांखाली एकाएकी एक प्रचंड वाटोळी दरी उघडते. तिचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर आहे. तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर पसरलेले असते. हे दृश्य हिवाळ्यात, सकाळचे धुके विरत असताना पाहावे. उन्हाळ्यात खाली उतरणे सोपे वाटते. परंतु पुन्हा वर चढताना जीव मेटाकुटीस येतो.

ही दरी कोणी खणली? लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीच्या पोटात राहत असे व विष्णूने त्याचा वध केला, अशी कथा लोक सांगतात. गावातील दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव मंदिर त्या कथेची आठवण करून देते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर पुष्कळ काळ हे ज्वालामुखीचे मुख असावे, असा अनेक विद्वानांचा समज होता. सभोवारचा सर्व खडक ज्वालामुखीच्या रसापासून झालेला, तेव्हा तो समज अगदीच निराधार नव्हता. परंतु तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा जुना आहे आणि दरी त्यामानाने अगदी अलीकडची आहे. शिवाय काठावरचे खडकांचे थर निरखून पाहा. मुळात आडवे असलेले हे थर वर उचलले जाऊन सरोवरापासून बाहेरच्या बाजूस कललेले दिसतात. पुढे सरोवराच्या तळात खोल छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढण्यात आले. त्यांत जबरदस्त आघातावाचून तयार होऊ न शकणारा काचेसारखा पदार्थ आढळला. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि ही दरी आकाशातून कोसळलेल्या अशनीमुळे झाली, हे निश्चित ठरले. ती केव्हा झाली, याविषयी मात्र शास्त्रज्ञांचे अंदाज बदलत आले. पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे असे मानीत. नंतरच्या एका मोजणीने हा काळ सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाला!

काठाजवळ गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. यात्रेकरू तिच्याखाली स्नान करतात. तेथून पायवाटेने उतरू लागले की साग, सीताफळ अशा झाडांची दाट राई लागते. मोरांचा केका ऐकू येतो, वानरे फांद्यांवरून टकमक पाहतात. झाडीत जागोजागी जुनी देवळे उभी आहेत. झाडी संपते तेथे मात्र वास बदलतो. काठावरचा चिखल उग्र दर्पाचा, त्यावर पांढऱ्या क्षाराची पापडी. या पाण्यात तांबडा लिटमस कागद बुडविला तर तो तत्काळ निळा होतो.

गोड्या धारा ज्यात येऊन मिळतात, ते पाणी खारे कसे? धारा व पावसाचे पाणी खडकांतील क्षार थोडे थोडे विरघळवून आणतात. सरोवरातून बाहेर वाहणारा एकही ओढा नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे असेच चालल्याने पाणी खारट आणि त्याहूनही अधिक अल्कधर्मी झाले. अकबराच्या काळातील ऐन-इ-अकबरी या ग्रंथातही लोणारचा उल्लेख असून साबण व काच यांसाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे त्यात सांगितले आहे.

कॅनडाच्या अतिउत्तरेस, जेथे वर्षाचा बहुतेक काळ बर्फ असते, तेथे पिंगुआलुइट नावाचे असेच एक अशनीविवर आहे. तेही वाटोळे, तेही पाण्याने भरलेले. त्याला मिळणारा एकही ओढा नाही. केवळ पाऊस व हिम यांचेच पाणी त्यात साठते आणि थंडीमुळे बाष्पीभवनही थोडेच होते. म्हणून ते जगातील अत्यंत स्वच्छ पाण्यांपैकी एक गणले जाते. दोन्ही खळगे अशनींनीच केले. पण एकात स्फटिकासारखे पाणी साठले आणि दुसऱ्यात क्षारांचे.

लोणारच्या या तीव्र पाण्यात सामान्य मासे जगत नाहीत. तरी ते निर्जीव नाही. त्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शैवाल आणि नाना प्रकारचे जिवाणू त्यात सुखाने नांदतात. त्यांना गोड्या पाण्यात टाकले तर त्यांतील पुष्कळ टिकणार नाहीत. म्हणूनच गावातील सांडपाणी सरोवरात उतरू लागले, किंवा गोडे पाणी प्रमाणाबाहेर वाढले, की या जीवांवर संकट येते. २००० साली येथे अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत लोणारची नोंद झाली.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात एक नवल घडले. उन्हाळ्याने पाणी आटून क्षार वाढले होते, आणि हिरवे सरोवर पाहता पाहता गुलाबी झाले! पाहण्यासाठी माणसे लोटली, तर्कवितर्क सुरू झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी द्रव्य निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे हे कार्य आहे, असे आढळले. भांड्यातील पाणी स्थिर ठेवताच ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. पुढे पाऊस पडला, क्षारांचे प्रमाण उतरले आणि सरोवराचा तो गुलाबी रंगही हळूहळू ओसरला.