बगीचा आपला, सौदा कोणाचा?

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, जमिनीचा कागद हिंदीत आणि माल विकायचा तर नागपूर, अशी इथल्या शेतकऱ्याची घडी बसली. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. मधल्या काळात कापूस-ज्वारीच्या या पट्ट्यात विहिरींच्या भरवशावर संत्रा पसरला.

छोट्या शेतकऱ्याला उद्योजकता शिकवायला हवी, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आशिया-आफ्रिकेत त्यासाठी शेतीधंद्याच्या शाळा चालवते. चांगलंच आहे. पण इथला संत्रा बघितला की प्रश्न पडतो, शिकवायचं नेमकं काय?

कारण जोखीम घेणं या माणसाला कोणी शिकवलेलं नाही. शेजारच्या वरुड तालुक्यातल्या शेंदूरजना घाटच्या पन्हेऱ्यांतून जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं आणायची, ती लावायची आणि चांगलं फळ धरेपर्यंत पाच-सहा वर्षं पोसायची. त्यानंतर दरवर्षीचा निर्णय, आंबिया बहार धरायचा की मृग? आंबिया धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पानं मलूल होईपर्यंत थांबायचं, मग खत देऊन पाणी सोडायचं. एक पाणी लवकर सुटलं तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते. भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहते, तिथे ताण बसता बसत नाही. आंबियाचं फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतं, तेव्हा सगळ्यांचाच माल बाजारात असतो. मृगाचं फेब्रुवारीनंतर येतं, भाव बरा मिळतो, पण तो बहार पावसाच्या मर्जीवर. दोन-चार एकरांवर हा हिशेब करणारा माणूस उद्योजक नाही तर कोण?

त्याच्या हातून सुटला तो सौदा. व्यापारी बगीच्यात फिरतो, नजरेने फळाचा अंदाज बांधतो, इसार देऊन उभा बगीचा उक्ता घेतो. भाव पडले की तोड लांबते आणि फळगळीचं नुकसान शेतकऱ्याच्या अंगावर येतं. व्यापाऱ्याला मी सरसकट दोष देणार नाही. तोडणीचे मजूर, गाडी, दूरच्या बाजाराची खबर आणि रोकड, हे सगळं त्याच्याकडे असतं. शेतकऱ्याला घरच्या लग्नासाठी, फवारणीसाठी पैसा आधी हवा असतो.

हे बदलायचे प्रयत्न झाले. नागपुरात बागायतदारांच्या संघटनेतून 'नोगा' हे नाव उभं राहिलं, पुढे ते महाराष्ट्राच्या कृषी उद्योग महामंडळाकडे गेलं. इकडे पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्यात असतानाच 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत 'सतपुडा ऑरेंज' हा ब्रँड आला, तरी बाजारात हा माल नागपुरी म्हणूनच ओळखला जातो. २०२० मध्ये किसान रेल्वे सुरू झाली, भाड्यात निम्मी सवलत होती. त्याच सुमारास खरा धक्का या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशातून आला. तिथलं किलोमागचं आयातशुल्क २०१९ नंतर चढत गेलं आणि २०२३ मध्ये चौपटीच्या वर पोचलं. ढाक्यात झालेल्या निर्णयाने पांढुर्ण्याच्या बगीच्यातला भाव पडला, आणि एका गिऱ्हाइकावर केवढी भिस्त होती ते सगळ्यांना दिसलं.

म्हणून मला वाटतं, प्रशिक्षण द्यायचंच तर सौद्याचं द्यावं. व्यापारी येण्याआधी काही झाडांवरची फळं मोजून स्वतःचा अंदाज कसा काढायचा, प्रतवारी कुठे करायची, इसाराच्या कागदावर तोडीची तारीख कशी घालून घ्यायची. २००२ च्या कायदादुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. नाशिकच्या मोहाडीत सह्याद्री फार्म्सने द्राक्षांत ते करून दाखवलं. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा संत्रा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. व्यापारी बाजूला काढतो त्या चुरीला, म्हणजे बारीक फळालाही, तिथे गिऱ्हाईक मिळू शकतं. ती शंभरेक किलोमीटरवर नेणारी गाडी शेतकऱ्यांच्या कंपनीच्या नावाने निघते की पुन्हा व्यापाऱ्याच्याच, हे येत्या दोन-तीन आंबियांत ठरेल.