हिवाळ्यातील सायकलप्रवास

वर्धा जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. सकाळच्या शाळेसाठी परगावी जाणारे विद्यार्थी मात्र त्याआधीच सायकलीवर निघालेले असतात. याच दिवसांत कापसाने भरलेली वाहने हिंगणघाट, आर्वीच्या बाजाराकडे जात असतात, आणि नदीकाठच्या रस्त्यांवर कधी धुके उतरते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाला सायकल वेळीच दिसणे, यावरच सारे अवलंबून आहे. मागे तांबडा परावर्तक, पुढे दिवा आणि अंगावर फिकट रंगाचे वस्त्र हवे. गडद शाल ऊब देते खरी. पण ती अंधारात दिसत नाही आणि तिचे टोक चाकात अडकते. दवाने रिम ओली झाल्यास ब्रेक उशिरा लागतो, म्हणून निघताच तो दोन-तीनदा दाबून पाहावा.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात येतात. सायकलीने अंतर आटोक्यात येते, गारठा तेवढाच राहतो. पारावर चौघीजणी वाट पाहत असल्या, की पाचवीला अंथरुणात राहणे अवघड जाते; शर्यतीचा सराव करणाऱ्यांनाही सोबतीचाच उपयोग होतो.

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरविण्याचे निर्देश शासनाने २०२४ मध्ये दिले. सायकलीने परगावी जाणाऱ्या मुली त्यापुढील वर्गांत असतात. त्यांच्यासाठी हिवाळ्यापुरती शाळा अर्धा तास उशिरा भरविण्याचा विचार व्हावा. वळणावरील बाभळी छाटण्याचे काम पंचायतीने दिवाळीपूर्वीच हाती घ्यावे.