विळी-पान्ह्यांचा गंज काढायला लिंबूसत्व पुरतं

बंगळुरात मे ते ऑक्टोबर पावसाचे. मारतहळ्ळीतल्या बाल्कनीत ठेवलेली विळी, पान्हे, पकडी बघता बघता तांबूस होतात. मंडळी, त्यासाठी संडास धुवायचं ॲसिड कृपया आणू नका! त्यात हायड्रोक्लोरिक असतं. ते गंजाबरोबर लोखंडही खातं, त्याच्या वाफेने शेजारची हत्यारं गंजतात, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, पुरतं. प्लास्टिकच्या टबात एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा. वस्तूवरचं तेल आधी साबणाने काढा, नाहीतर ॲसिड गंजापर्यंत पोचतच नाही. पातं पूर्ण बुडवा, तासातासाने बघत राहा. गंज मऊ पडून काळपट होतो आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने निघून येतो. बारीक बुडबुडे दिसतात तो हायड्रोजन, म्हणून खिडकी उघडी ठेवा. हातमोजे आणि चष्मा हवेतच. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू यात अजिबात नकोत, मुलामाच जातो.

खरी घाई त्यानंतर. ओलं, उघडं पोलाद काही मिनिटांत पिवळं पडायला लागतं. खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. विळीला खायचं तेल, पान्ह्यांना मशीनचं.